'कोंत्रादा'ला मराठीत काय म्हणावं?

अनुराधा_द
इटलीतल्या सिएना शहरावरचा एक इटालियन लेख मराठीत करते आहे आणि एका शब्दापाशी आठवडाभर अडले आहे. शब्द 'कोंत्रादा', म्हणजे शहरातली हद्द ठरलेली वस्ती. सिएनाच्या तटबंदीच्या आत अशा १७ कोंत्रादा आहेत. तिथली राज्यपाल, बव्हेरियाची व्योलान्ते बेआत्रीचे, हिने १७२९ साली त्यांच्या हद्दी ठरवून दिल्या आणि त्या आजही पाळल्या जातात. प्रत्येकीचं स्वतःचं छोटं चर्च, संग्रहालय, कारंजं, झेंडा, आणि बहुतेकींचं एक ठरलेलं वैर. २ जुलै आणि १६ ऑगस्टला गावच्या मुख्य चौकात पालिओ ही घोड्यांची शर्यत होते, ती या कोंत्रादांमध्ये.

पहिल्या खर्ड्यात मी 'पेठ' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'मोहल्ला' केलं. त्यांचं म्हणणं, पेठ म्हटलं की वाचकाला पुणंच दिसणार. मला मोहल्ला पटत नाही, पण का ते नीट सांगता येत नाही. लेखात हरलेल्या रात्रीचं वर्णन आहे. तिथे कोंत्रादा रडते, मग जेवायला बसते आणि जेवता जेवता पुन्हा रडते. मोहल्ला रडतो का? सुचवा.

आडवाट
अनुराधाताई, पेठच ठेवा, मागे हटू नका. पुणं दिसलं तर दिसू दे. पेठ कोल्हापुरात आहे, साताऱ्यात आहे, नाशकातही आहे. हद्द आहे, नाव आहे, स्वभाव आहे. मराठीत तयार शब्द असताना 'कोंत्रादा' असा दगड वाचकाच्या ताटात टाकायचं कारण नाही.

कोशवाला
पेठ हा मुळात बाजाराचा शब्द आहे. कन्नडमध्ये पेटे, तमिळमध्ये पेट्टै, सगळीकडे व्यापाराची वस्ती. नवी पेठ वसवायची तर वाणी-उदम्यांना कौल द्यायचा, काही वर्षं कर माफ करायचा आणि बोलवायचं. म्हणजे पेठ वरून वसवली जाते. म्हणून तिचं नाव बदलता येतं. पुण्याची वेताळ पेठ गुरुवार पेठ झाली आणि लोक तिथेच राहिले. सिएनात 'सुरवंट' नावाच्या कोंत्रादेचं नाव उद्या 'गुरुवार' करून दाखवा!

आता मूळ शब्दाकडे. 'कोंत्रादा' हा लॅटिन 'कोन्त्रा'वरून आला. कोन्त्रा म्हणजे समोर. समोर पसरलेला मुलूख, तो कोंत्रादा. इंग्रजीतला 'कंट्री' याच मुळाचा.

आडवाट
कोन्त्रा म्हणजे विरुद्धसुद्धा ना? मग जे आपल्या विरुद्ध उभे ते कोंत्रादा, असं असणार. वैर शब्दातच आहे.

कोशवाला
नाही. हा अर्थ मोह पाडणारा आहे, पण खरा नाही. समोर दिसणारी जमीन, एवढंच. इटलीत इतरत्र, विशेषतः दक्षिणेत, शेतातल्या चार घरांच्या वस्तीलाही कोंत्रादा म्हणतात. तिथे कुणाचं कुणाशी वैर नसतं.

करवीरकर
मी कोल्हापूरचा, त्यामुळे माझं उत्तर एकच. तालीम.

हसू नका, नीट ऐका. आमच्याकडं 'कुठला?' म्हणून विचारलं तर माणूस पेठ सांगतो आणि लगेच तालीम सांगतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असतो तेव्हा मैदानात अकरा पोरं असतात, पण खेळते ती तालीम. जिंकते ती तालीम, हरते ती तालीम. पेठ म्हणजे जागा. तालीम म्हणजे त्या जागेतली माणसं.

माझे आजोबा जन्मात कधी लाल मातीत उतरले नाहीत. ते गेले त्या दिवशी आजी घरात बसून सारखं एकच विचारत होती, "तालीम आली का?" म्हणजे माणसं आली का. तालीम आल्याशिवाय उचलायचं नाही, हे तिच्या मनात पक्कं होतं. ताई, तुमची कोंत्रादा रडते म्हणता ना? आमची तालीम त्या दिवशी रडली होती. मी बघितलंय.

अनुराधा_द
करवीरकर, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. आणि माझा अडथळा नेमका कुठे आहे तेही कळलं. मला असा शब्द हवा आहे ज्याला माणसाची क्रियापदं लागतात. 'मोहल्ला जमला' चालतं, 'मोहल्ला रडला' ओढून आणल्यासारखं वाटतं. 'पेठ पेटली' म्हणतो आपण, पण 'पेठ जेवली' म्हणत नाही. 'गाव जेवलं' मात्र अगदी सहज म्हणतो.

आडवाट
भावना पोचली, तरी तालीम म्हणजे कसरतीची जागा. नगर, नाशिक, मुंबईच्या वाचकाला तिथे जोर-बैठकाच दिसणार. अर्थासाठी प्रत्येक वेळी तळटीप द्यायची का?

कोशवाला
अरबीत तालीम म्हणजे शिकवण. मराठीत आली ती नाटकाची तालीम आणि पैलवानांची तालीम होऊन. कोल्हापुरात पैलवानांच्या तालमीला फुटबॉलचा संघ जोडला गेला, गणपती जोडला गेला, वर्गणी आली, आणि शब्दाचा अर्थ 'आपली माणसं' इथपर्यंत पोचला. पुण्यातही मानाच्या पाच गणपतींत गुरुजी तालीम आहेच. अर्थ सरकत जातो, त्यात गैर काही नाही. पण तो सरकलेला अर्थ एका जिल्ह्यात रुजला आहे, एवढं मान्य करावं लागेल.

रेवती_परदेशी
मी तीन वर्षं सिएनात राहिले आहे म्हणून लिहिते. घरमालकीण निक्क्यो, म्हणजे शिंपल्याच्या कोंत्रादेतली. तिचा नवरा वाल्दिमोन्तोने, म्हणजे मेंढ्याच्या. या दोन एकमेकींच्या वैरी आणि अगदी लगटून. वर्षभर दोघं गुण्यागोविंदानं राहायची. पालिओ जवळ आला की ती आपली पिशवी भरायची आणि शिंपल्यात, आईकडे जायची. शर्यतीची रात्र उलटली की परत. त्या दिवसांत नवऱ्याविषयी बोलताना ती 'ते लोक' म्हणायची. रागानं नाही, अगदी सरळ.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून आपसूक आलं, माहेरी गेली. माझ्यासाठी कोंत्रादा म्हणजे माहेर. आणि इथे ते पुरुषांनाही असतं.

जन्म कुठेही होवो, मुलाला कोंत्रादेच्या कारंज्यावर पाणी शिंपडून आत घेतात. हा चर्चमधल्या बाप्तिस्म्याहून वेगळा विधी. तेव्हा गळ्यात रुमाल बांधतात आणि तो जन्मभर जपून ठेवतात. अंत्ययात्रेतही कोंत्रादेचा झेंडा असतो. करवीरकरांच्या आजींचा प्रश्न तिथल्या कुणालाही समजावून सांगावा लागला नसता.

चाकरमानी
रेवतीताईंनी माहेर म्हटलं म्हणून धीर करून सांगतो. आमच्या कोकणात गावाच्या वाड्या असतात आणि मला वाटतं शब्द तोच हवा, 'वाडी'. माझा जन्म मुंबईचा, राहतो नालासोपाऱ्यात, तरी मी वाडीचा. वाडीची बैठक मुंबईत भरते, वर्गणी मुंबईत जमते, शिमग्याला पालखी कुणाच्या दारात आधी जाणार याचा वाद मुंबईत होतो आणि मिटतो गावात. घर पडलं तरी वाडी सुटत नाही. सिएनातले बरेच लोकही आता तटाबाहेर राहतात आणि कोंत्रादेचेच असतात, असं वाचलं आहे. बरोबर ना?

रेवती_परदेशी
अगदी बरोबर. आतली घरं महाग झाली, लोक बाहेर गेले, रात्रीच्या जेवणाला मात्र आत येतात. हद्दीत कोण राहतं यापेक्षा आईबाप कुठले यावर आता जास्त ठरतं.

सासष्टीकार
आमच्या गोव्यात याला वाडो म्हणतात, मराठीत लिहिताना वाडा. प्रत्येक वाड्याचा खुरीस (क्रूस) असतो, कुठे कपेल (छोटं चर्च) असतं. वाड्यातले लोक जमून तिथे लदीन, म्हणजे प्रार्थना म्हणतात, नंतर उकडलेले चणे आणि फेणी. फेस्ताच्या आदल्या दिवसांत कुठल्या वाड्याची रोषणाई जास्त, यावर बोलणी चालतात. कोंत्रादेचं चर्च, तिचा संत, तिचं जेवण हे सगळं माझ्या लहानपणचंच आहे. अनुराधाबाई, 'वाडा' लिहा. देवळासकट आणि माणसांसकट येणारा तोच शब्द.

आडवाट
देशावर वाडा म्हणजे चौसोपी इमारत. 'वाडा रडला' लिहिलं तर वाचक भुताची गोष्ट समजेल.

सासष्टीकार
म्हणून देशावरच्या अर्थासाठी आम्ही आमचा अर्थ सोडायचा? मराठी काय फक्त घाटावर लिहिली जाते?

इतवारी
हा मुद्दा खरा आहे. मी नागपूरचा. आमच्याकडे वस्तीला पुरा म्हणतात. छत्रपती संभाजीनगरातही बेगमपुरा, किराडपुरा, नवाबपुरा. कोणी या शब्दाचं नावसुद्धा काढलं नाही.

पण मला वेगळंच विचारायचं आहे. इटलीत तरी एक शब्द कुठे आहे? व्हेनिसचे सहा भाग, त्यांना सेस्तिएरे म्हणजे सहावा हिस्सा. फ्लॉरेन्सचे चार, म्हणून क्वार्तिएरे. सिएनातच सतरा कोंत्रादांच्या वर तीन 'तेर्त्सी' आहेत. रोममध्ये रिओने, तो लॅटिन 'रेजिओ'वरून. म्हणजे बरेच शब्द निव्वळ भागाकाराचे आहेत, माणसांचे नाहीत. तरी माणसं त्या अपूर्णांकासाठी डोकी फोडतात. फ्लॉरेन्सच्या चार भागांचे चार रंग आहेत आणि दर जूनमध्ये सांता क्रोचे चौकात वाळू पसरून ते जो जुना चेंडूचा खेळ खेळतात त्यात ठोसे मारायला परवानगी असते. मग शब्दात भावना आहे की नाही, हे शोधून काय उपयोग? 'चौथा हिस्सा' म्हणून रडता येत असेल तर 'मोहल्ला' म्हणूनही येईल.

व्हेनिसचं तर आणखी पुढचं. तिथे खरी फूट सहा भागांत नव्हतीच. पूर्वेचे कास्तेल्लानी, त्यांत गोदीतले कामगार. पश्चिमेचे निकोलोत्ती, त्यांत कोळी. दोन्ही बाजू पुलावर मधोमध भेटायच्या आणि ठोशांनी एकमेकांना कालव्यात पाडायच्या. तेव्हा पुलांना कठडेच नव्हते. १७०५ मध्ये सरकारनं या मारामाऱ्यांवर बंदी घातली. सान बार्नाबाजवळ तो ठोशांचा पूल अजून आहे आणि त्याच्यावर पाय कुठे रोवायचा त्या पावलांच्या खुणा दगडात बसवलेल्या आहेत. या दोन गटांना मराठीत काय म्हणाल? पेठ नाही, वाडी नाही. 'तट' म्हणावं लागेल.

करवीरकर
तट बरोबर. गावात दोन तट पडले, असंच म्हणतो आपण.

ताई, लेखात त्या वैराला काय लिहिलंय? कारण 'वैर' लिहिलंत तर चुकेल असं मला वाटतं. आमच्याकडं सामन्याच्या बातमीत शब्द येतो 'ईर्षा'. ईर्षेनं खेळले, टोकाची ईर्षा. त्यात मत्सर नाही. 'मी कमी पडणार नाही' हे त्यात आहे.

आडवाट
हिंदीवाल्यांना ईर्षा म्हणजे जळफळाट. संस्कृतातही मत्सरच. कोल्हापूरनं अर्थ बिघडवला.

करवीरकर
बिघडवला नाही, सुधारला.

कोशवाला
दोघांनाही सांगतो, इटालियन 'रिवाले' हा शब्द लॅटिन 'रीवुस', म्हणजे ओढा, यावरून आला. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रिवाले. पाण्यावरून भांडणारे शेजारी. सिएनात बहुतेक वैरी एकमेकांना खेटून आहेत. कासव आणि गोगलगाय, साळिंदर आणि लांडगीण, गरुड आणि बिबट्या. शिंपला आणि मेंढ्याचं रेवतीताईंनी सांगितलंच.

आडवाट
मग आपली भाऊबंदकी! भाऊ आणि बांध. शेताच्या बांधावरून भावाभावांत पेटणारी ती भाऊबंदकी. ओढ्याच्या जागी बांध, बाकी तेच.

कोशवाला
बांधाचा संबंध नाही. भाऊबंद म्हणजे भाऊ आणि बंधू, नातलग. 'बंद' हा बंधूचा आहे. बांधावर भांडणं होतात म्हणून शब्दाची व्युत्पत्ती बदलत नाही.

आडवाट
खेड्यात कुणालाही विचारा, तो बांधच सांगेल. लोकांनी ज्या अर्थानं शब्द वापरला तो अर्थ खोटा कसा? ईर्षेच्या बाबतीत तुम्ही काही बोलला नाहीत आणि माझ्या बांधावर मात्र नांगर फिरवलात.

रेवती_परदेशी
वैराबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथे ते 'आव्हर्सारिया' म्हणतात, प्रतिस्पर्धी, आणि त्यांना ते मनापासून हवं असतं. सुरवंट, ड्रॅगन, जिराफ आणि वन या चौघींना ठरलेलं वैर नाही. वनातला एक म्हातारा मला म्हणाला होता की त्यांचा आनंद अर्धाच असतो. आपण जिंकलो हा एक आनंद, ते हरले हा दुसरा. दुसरा त्यांना कधी मिळत नाही. शर्यतीत दहाच कोंत्रादा धावतात. ज्यांना धावायचं नसतं पण वैरी धावत असतो त्या घरांत त्या दिवशी कुणी नीट जेवत नाही. आणि दुसरा नंबर म्हणजे सगळ्यात वाईट हार. शेवटचा आला तरी चालेल.

घोडा चिठ्ठ्या टाकून मिळतो, स्वार बहुतेक बाहेरगावचा आणि पैसे घेऊन धावणारा. तीन फेऱ्या, पाठीवर खोगीर नाही. स्वार पडला आणि मोकळा घोडा पहिला आला तरी कोंत्रादा जिंकते. शर्यतीआधी त्याला चर्चमध्ये नेतात आणि पाद्री म्हणतात, जा आणि जिंकून परत ये. विजयाच्या जेवणात मानाची जागा घोड्याची. मी पाहिलं आहे, त्याच्यापुढे साखर ठेवली होती आणि लहान पोरं हात लावायला रांगेत उभी होती. जी कोंत्रादा सगळ्यात जास्त काळ जिंकलेली नसते तिला 'नोन्ना', आजी म्हणतात. आजीला जिंकायची फार घाई असते.

अनुराधा_द
रेवती, 'पालिओ' या शब्दाचंही सांगशील का? मी सगळीकडे शर्यत लिहिलं आहे.

रेवती_परदेशी
पालिओ म्हणजे खरं तर जिंकणाऱ्याला मिळणारं रंगवलेलं रेशमी निशाण. लॅटिन 'पाल्लिउम', वस्त्र. सिएनातले लोक लाडानं त्याला 'चेन्चो' म्हणतात. चेन्चो म्हणजे चिंधी.

आडवाट
जरीपटका! हा शब्द चुकवू नका.

कोशवाला
जरीपटका सैन्याचा. ज्याला पेशवाई आठवते त्याला इथे भलतंच दिसेल. मघाशी पेठेत पुणं दिसलं तर दिसू दे म्हणालात, ते ठीक, पण प्रत्येक शब्दात दाखवायलाच हवं असं नाही. 'निशाण' पुरे.

पक्षीवेडा
वर कुणी बोललं नाही म्हणून विचारतो. कोंत्रादांची नावं कशी करणार? 'चिवेत्ता' म्हणजे घुबड असं कृपया लिहू नका. चिवेत्ता हा छोटा घुबड, आपल्या पिंगळ्याचा सख्खा भाऊ. पिंगळाच लिहा. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाराही पिंगळाच, त्यामुळे शब्दाला वजन आहे. आणि 'ओका'ला हंस म्हणालात तर लोकांना पांढरा, लांब मानेचा, सरस्वतीचा हंस दिसेल. बदकही नाही. कादंब म्हणता येईल.

अनुराधा_द
मी हंसच केला होता. 'कादंबाची कोंत्रादा' कानाला कसं वाटतं? कडुनिंब, कदंबाचं झाड असं काहीतरी वाटेल.

इतवारी
नावांचं भाषांतर करूच नका. सुरवंट म्हटलं की मराठी माणूस अंगाला खाज सुटल्यासारखा आक्रसतो. तिथे ब्रूको हा अभिमानाचा शब्द आहे. १३७१ मध्ये लोकरीच्या कामगारांनी बंड केलं ते याच भागातून, त्यांच्या टोळीचं नावच सुरवंटाचं होतं.

पक्षीवेडा
म्हणूनच भाषांतर हवं. आमच्या कोंत्रादेचं नाव सुरवंट आहे आणि आम्ही ते छातीवर मिरवतो, हे वाचकाला कळलं पाहिजे. ब्रूको लिहिलंत तर ते कुठल्याही बिस्किटाचं नाव वाटेल. एक मात्र नक्की करा, 'इस्त्रीचे' म्हणजे साळिंदर की साळू की सायाळ? आमच्याकडे जंगलात जाणारे सगळे सायाळ म्हणतात.

सासष्टीकार
आम्ही साळ म्हणतो.

करवीरकर
साळिंदर. पुस्तकात तेच आहे.

पक्षीवेडा
पुस्तकात आहे म्हणून? काट्यांची पिसं गोळा करणारी माणसं काय म्हणतात ते बघा ना.

अनुराधा_द
सगळ्यांना एक विनंती. सोमवारी लेख द्यायचा आहे. आत्ता तरी मी पहिल्यांदा 'कोंत्रादा' लिहून, शाळेसारखी चालवून, कोंत्रादेत, कोंत्रादेचा, आणि जिथे माणसं रडतात-जेवतात तिथे 'वाडी' वापरून पाहते आहे. 'त्या रात्री वाडी रडली.' मोठ्यानं वाचल्यावर बरं वाटतं. पण सिएना दगडी शहर आहे आणि वाडी म्हटलं की मला माड दिसतात.

चाकरमानी
आमच्या वाडीत माड कमी, कातळ जास्त. काळजी करू नका.

वाडीवरून आठवलं. आमच्याकडे पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. वसईकडचे मित्र पाखाडी म्हणजे वस्ती म्हणतात, अमुक पाखाडीतला तमुक. माझी आजी 'वरची पाखाडी' म्हणायची, ते वाटेला की घरांना हे मी कधी विचारलं नाही. सिएनाही चढउतारांचं गाव आहे म्हणून विचारतो, कुणाकडे दोन्ही अर्थ एकत्र आहेत का?

सासष्टीकार
आमच्याकडे पाखाडी नाही. पण चिपळूणकडच्या माझ्या मावशीला विचारून उद्या सांगतो.